न खाणाऱ्याचें कारण

गेल्या पावसाळ्यांत पुण्यास लष्कर भागांतील एका उपासनामंदिराच्या मागील खोलींत मीं कांहीं महिने इंग्रजीचा वर्ग चालविला. शिकणारे बहुतेक खेड्यांतील मंडळ्यांचे उपदेशक होते. वय चाळिशीच्या पुढें, हात शेतकामानें घट्ट झालेले, आणि शिकण्याची हौस मात्र शाळकरी पोरांस लाजविणारी. एके संध्याकाळचा धडा जेवणाखाण्याचा होता. मीं फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘व्हेजिटेरियन’ आणि ‘व्हीगन’, व त्यांचे अर्थ विचारले. पहिल्याचा अर्थ सर्वांनीं एका आवाजांत सांगितला, ज्यानें एस. टी. च्या थांब्यावर हॉटेलाची पाटी वाचली आहे त्याला तो येतोच. दुसऱ्या शब्दापाशीं खोली गप्प झाली. मग मागच्या बाकावरून एक गृहस्थ उभे राहिले. शिरूर तालुक्यांतील एका लहान मंडळीचे ते उपदेशक. ते म्हणाले, “मास्तर, हा शब्द मला येतो. उन्हाळ्यांत माझा मुलगा घरीं आला, त्यानें हाच शब्द उच्चारला. तेव्हांपासून त्याची आई त्याच्या पंक्तीला बसत नाहीं.”

वर्ग सुटल्यावर त्यांनीं सगळी हकीकत सांगितली. नांव न घालतां ती लिहिण्यास त्यांची हरकत नाहीं. मुलगा पुण्यांत यंत्रशास्त्राच्या महाविद्यालयांत शिकतो. तो येणार म्हणून आईनें घरचा कोंबडा कापविला, वाटण वाटलें, बाजरीच्या भाकरी थापल्या. मुलानें ताट पाहिलें आणि म्हणाला, “आई, मी आतां खात नाहीं.” ती म्हणाली, बरें, पिठलें करतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें दुधाचा चहा पुढें ठेवला, तोहि त्यानें बाजूस सारला. दही नको, ताक नको, तूप नको. पोटांत दुखतें काय म्हणून बापानें विचारलें, तेव्हां तो इंग्रजींत बोलला कीं, मी व्हीगन आहें.

“मास्तर,” ते म्हणाले, “माझा पणजा गांवचीं मेलेलीं गुरें ओढीत असे. तें काम गांवानेंच आमच्यावर लादलेलें, आणि तसलें मांस खातां म्हणून शिवी देणारें गांवहि तेंच. आजोबानें बाप्तिस्मा घेतला, प्रभूच्या मेजाशीं बसला. तेव्हांपासून तुम्ही काय खातां असें कोणीं विचारलें तरी आमची मान खालीं गेली नाहीं. आतां आमच्याच पोटचा पोरगा आमचें ताट सारतो. पुण्यांत त्याला खोली भाड्यानें पाहिजे होती. मालकानें विचारलें असेलच, खातां काय म्हणून. हा पोरगा आमची लाज धरतो, कीं कोंबड्याची दया करतो, एवढें मला सांगा.”

मला त्या रात्रीं उत्तर देतां आलें नाहीं. पुढें जो विचार केला तो येथें मांडतों, कारण हा प्रश्न एका घराचा नाहीं.

प्रथम शब्द पाहूं. खेड्यांत आपण पाहुण्याला विचारतों, “तुम्ही खातां काय?” काय, हें सांगावें लागत नाहीं. जणूं भाकरी खाणें हें खाणेंच नव्हे! ज्यानें पंढरीची माळ घातली तो खात नाहीं, बाकीचे सणावारीं खातात, आणि श्रावण आला कीं बहुतेक सर्वच सोडतात. शहरांत हीच गोष्ट ‘व्हेज’ आणि ‘नॉनव्हेज’ अशा दोन शब्दांत उरकतात. माझे विद्यार्थी इंग्रजी बोलतांना हेच दोन तुकडे वापरीत आणि म्हणत, “आय ॲम व्हेज.” परदेशांतला इंग्रज तें ऐकून गोंधळेल, कारण त्याच्या कानाला ती भाजी झाली. माणसाविषयीं बोलावयाचें तर ‘व्हेजिटेरियन’ हा पुरा शब्द पाहिजे. आणि मांस खाणाऱ्यासाठीं त्याच्या बोलींत बहुधा शब्दच नसतो. ज्या देशांत बहुतेक सर्व लोक खातात तेथें न खाणाऱ्याला नांव पडतें, खाणाऱ्याला पडत नाहीं. आपल्या देशांतहि खाणारेच अधिक आहेत, सरकारच्या २०१४ सालच्या पाहणींत दर दहांत सात निघाले. तरी नांवांत मात्र खाणारा हा ‘न-शाकाहारी’ ठरला. कोणाच्या ताटाला माप मानलें गेलें तें ह्या एका ‘नॉन’वरून कळतें.

दुसरा घोटाळा अंड्याचा. इंग्लंडांत ‘व्हेजिटेरियन’ म्हणविणारा मनुष्य सहसा अंडें आणि दूध खातो. आपल्याकडे अंडें खाल्लें कीं शाकाहार संपला. गांधीजी १८८८ सालीं शिकण्यासाठीं लंडनला गेले तेव्हां ह्याच घोटाळ्यांत सांपडले. मांसाला शिवणार नाहीं असें वचन त्यांनीं आईला दिलें होतें. लंडनांत त्यांना ‘मांस’ शब्दाच्या तीन व्याख्या भेटल्या: एकींत पशुपक्ष्यांचें मांस तेवढें वर्ज्य, दुसरींत मासेहि वर्ज्य, तिसरींत अंडींसुद्धां. शेवटीं त्यांनीं ठरविलें कीं, वचन ज्या आईला दिलें तिच्या मनांत जो अर्थ होता तोच खरा, आणि अंडीं सोडलीं. भाषा शिकणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. शब्दाचा अर्थ नुसत्या कोशांत नसतो, ज्याच्याशीं आपण बोललों त्याच्या समजुतींतहि असतो.

‘व्हीगन’ हा शब्द अगदीं अलीकडचा. १९४४ सालीं डोनाल्ड वॉटसन नांवाच्या, सुतारकाम शिकविणाऱ्या इंग्रज मास्तरानें आणि त्याच्या थोड्या सोबत्यांनीं तो काढला. ‘व्हेजिटेरियन’ ह्या शब्दाचीं पहिलीं तीन व शेवटचीं दोन अक्षरें घेऊन मधलीं टाकलीं, कीं झाला ‘व्हीगन’. लहानपणीं चुलत्याच्या शेतावर डुकराची हत्या पाहिली, ती वॉटसन जन्मभर विसरला नाहीं. ह्या पंथाचा मनुष्य मांस, मासे, अंडें तर सोडतोच. शिवाय दूध, दही, लोणी, तूप, मध हेंहि सोडतो, आणि कित्येक जण चामड्याची चप्पल, लोंकर व रेशीमसुद्धां वापरीत नाहींत. आपल्या सरकारनें डब्याबंद अन्नावर शाकाहारासाठीं हिरवा ठिपका घालण्याचा नियम केला, त्यांत दूध आणि मध हिरव्याच बाजूस ठेवले व अंडें दुसऱ्या बाजूस. व्हीगन अन्नासाठीं २०२२ सालीं वेगळे नियम आणि वेगळी खूण झाली. म्हणजे त्या उपदेशकाच्या घरीं आलेला शब्द सरकारदरबारींहि पोंचला आहे.

मांस सोडणें हें ख्रिस्ती माणसाचें काम नव्हे, तें वरच्या जातीचें किंवा माळकऱ्याचें, असें आपल्या मंडळ्यांत पुष्कळांना वाटतें. त्यांना हें ऐकून नवल वाटेल कीं, इंग्लंडांत ह्या चळवळीचा एक मोठा उगम ख्रिस्ती मंडळींतच आहे. १८०९ सालीं मॅंचेस्टरजवळच्या सॅलफर्ड गांवीं विल्यम काउहर्ड नांवाच्या पाळकानें ‘बायबल ख्रिश्चन’ मंडळी स्थापली, आणि सभासदांनीं मांस व दारू सोडावी असा उपदेश केला. (काउहर्ड म्हणजे गुराखी. नांवाला जागला म्हणावयाचें.) ह्याच मंडळींतले लोक १८४७ सालीं रॅम्सगेट येथें शाकाहाराची संस्था काढण्यांत पुढें होते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत माणसाला धान्य व फळें दिल्याचें सांगितलें आहे, मांसाची मोकळीक नवव्या अध्यायांत, जलप्रलयानंतरची आहे. ह्या क्रमावर अशा लोकांचा भर असे. मला त्यांची सगळी मतें पटत नाहींत. पण पवित्र शास्त्र वाचूनहि माणूस मांस सोडूं शकतो, त्यासाठीं त्याला जात चोरावी लागत नाहीं, एवढें ह्यावरून सिद्ध होतें.

आतां पुण्याकडे येऊं, कारण त्या उपदेशकाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला पुण्याच्याच इतिहासांत सांपडलें.

पंडिता रमाबाई १८८२ सालीं पुण्यास आल्या, येथेंच त्यांनीं इंग्रजी शिकण्यास हात घातला, आणि १८८३ सालीं त्या इंग्लंडला गेल्या. तेथें वॉंटेज गांवीं सिस्टरांच्या मठांत राहिल्या आणि त्याच वर्षीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा घेतला, पण मांस घेतलें नाहीं. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या शिक्षिका होत्या त्यांना ह्यांत जातीचा अभिमान दिसला. दोघींचीं पत्रें १९७७ सालीं छापून प्रसिद्ध झालीं आहेत. त्यांत पुडिंगापासून पायांतल्या जोड्यांपर्यंत सर्व विषय निघतात. रमाबाईंचें उत्तर वाचण्यासारखें आहे. तुम्ही ज्याला जातीचे ग्रह म्हणतां ते माझे सर्वस्वीं सुटले आहेत असा माझा दावा नाहीं, हें त्या प्रांजळपणें मान्य करतात. पण उलट विचारतात कीं, एखादी इंग्रज बाई हिंदु लोकांत येऊन राहिली आणि कोणाला उपद्रव न करणाऱ्या आपल्या चालीरीती तिनें सोडल्या नाहींत, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल काय? पूर्वजांच्या चाली मला शक्य तितक्या मी पाळतें, असा त्यांचा आशय. नुकती इंग्रजी शिकलेली एक मराठी बाई आपल्या गुरुस्थानीं असलेल्या बाईला आपलें न खाणें त्यांच्याच भाषेंत समजावून देते आहे, हें चित्र मला फार मोलाचें वाटतें.

जेराल्डीनबाईंची शंका खरी धरावी काय? मला वाटतें, नाहीं, आणि त्याचें कारण रमाबाईंच्या आयुष्यांतच आहे. १८८० सालीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली गृहस्थाशीं लग्न केलें, ते ब्राह्मण नव्हते. जातीचें कुंपण त्यांनीं ख्रिस्ती होण्यापूर्वींच, लग्नासारख्या गोष्टींत मोडलें होतें. ज्या बाईनें जात टाकून नवरा केला ती जातीसाठीं भाजी धरून बसेल हें संभवत नाहीं. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं दुष्काळांतल्या सर्व जातींच्या बायका व मुली आणून ठेवल्या. तेथें जात उरली नाहीं. बाईंचा शाकाहार मात्र शेवटपर्यंत राहिला.

ह्याच्या उलट जोडीला पंचहौदाचें प्रकरण ठेवून पाहा. १८९० सालच्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनांत एका समारंभाला शहरांतली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. रानडे, टिळक, गोखले असे लोक त्यांत होते. मिशनच्या लोकांनीं चहा आणि बिस्किटें पुढें ठेवलीं. कांहींनीं घेतलीं, कांहींनीं नुसता हात लावला. गोपाळराव जोशी ह्यांनीं, म्हणजे अमेरिकेंत डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाईंच्या पतींनीं, उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं आणि शहर पेटलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ पर्यंत प्रायश्चित्तांचा वाद चालला. आतां पाहा: चहांत काय होतें? पाणी, पत्ती, साखर, दूध. कोंबडा नव्हता, बकरा नव्हता. प्रश्न काय खाल्लें हा नव्हताच, कोणाच्या हातचें खाल्लें हा होता.

वाचकहो, मला जी कसोटी हवी होती ती येथें मिळाली. आपल्या देशांत ‘न खाणें’ ह्या एकाच नांवाखालीं दोन अगदीं निराळ्या गोष्टी राहतात. एक म्हणते, जीव मारूं नको. दुसरी म्हणते, त्याच्या हातचें घेऊं नको. दोन्हींच्या ताटांत वरणभातच दिसतो, म्हणून बाहेरून ओळखूं येत नाहींत. पण दयेनें न खाणारा मनुष्य तुमच्या घरीं येईल, तुमच्या चुलीवर शिजलेली मटकीची उसळ तुमच्याच थाळींत आनंदानें खाईल. सोवळ्यानें न खाणारा ती उसळहि खाणार नाहीं, आणि पाण्याचा तांब्या दुरून मागेल. महाराष्ट्रांतला माळकरी मी पाहिला आहे, तो कुणब्यांत आहे, माळ्यांत आहे, पूर्वास्पृश्यांतहि आहे. ज्याच्या माळेंत दया आहे तो आपल्या घरीं भाकरी खाऊन गेला आहे. दुसराहि मी पाहिला आहे. त्याच्याविषयीं लिहून जागा दवडीत नाहीं.

मेलेल्या गुरांविषयीं त्या गृहस्थांनीं जें म्हटलें त्यासंबंधीं एक शब्द. १९२७ सालच्या मार्चांत महाडच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांना मृत जनावराचें मांस सोडण्यास सांगितलें, आणि गांवोगांव लोकांनीं सोडलें. तो शाकाहार नव्हता. ज्या मांसाबरोबर गुलामी येत होती तें मांस त्यांनीं सोडलें, स्वतःच्या हातानें मिळविलेलें अन्न सोडलें नाहीं. म्हणजे स्वाभिमानासाठीं एखादें अन्न टाकणें हेंहि सन्मानाचें असूं शकतें. तेव्हां आईबापांची लाज धरून टाकणें आणि अपमानाची खूण म्हणून टाकणें ह्या दोहोंतला भेद विसरूं नये. माझ्या मित्राचें दुःख नेमकें ह्यासाठीं खोल होतें कीं, त्याच्या घराण्यानें पहिला त्याग अभिमानानें केला होता आणि दुसऱ्याचा अर्थ त्याला लागत नव्हता.

प्रेषित पौलापुढें असा प्रश्न आलाच होता. करिंथांत मूर्तीपुढें वाहिलेलें मांस बाजारांत विकावयास येई, तें घ्यावें कीं नाहीं, म्हणून मंडळींत तट पडले. आपल्या खेड्यांतील वाचकांना हें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. जत्रेंत म्हसोबाला किंवा मरीआईला बोकड पडतो, संध्याकाळीं शेजारी पानांत वाटा घेऊन दारांत उभा राहतो, आणि ख्रिस्ती घरांतली बाई दाराआड विचार करीत राहते. पौलानें मांसाला दोष दिला नाहीं, मूर्तीला शक्ति मानली नाहीं. त्यानें शेजारच्या दुबळ्या विवेकाच्या भावाकडे बोट दाखविलें आणि म्हटलें, ह्याच्यासाठीं आवर. रोमकरांच्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत नुसती भाजी खाणाऱ्याचा उल्लेख आहे, त्याला तो विश्वासानें दुर्बळ म्हणतो. आपले कित्येक उपदेशक हें वचन शाकाहाऱ्याच्या अंगावर फेंकतात. मला तें योग्य वाटत नाहीं. रोमांतला तो भाऊ विटाळाच्या भीतीनें मांस टाळीत असावा. जो वासराची कींव येऊन दूध टाकतो त्याची भीति ती नव्हे, मग त्याला तें नांव कसें लागेल? आणि त्याच अध्यायांत खाणाऱ्यानें न खाणाऱ्याला तुच्छ मानूं नये, न खाणाऱ्यानें खाणाऱ्याचा न्याय करूं नये, असें दोन्हींकडे सांगितलें आहे. दुसरा अर्धा भाग शहरांतल्या नव्या व्हीगन तरुणांनीं वाचावा. त्यांच्यांतले कांहीं जण खाटकाच्या मुलाशीं ज्या सुरांत बोलतात तो सूर मीं पंचहौदाच्या कागदपत्रांत ऐकला आहे.

आतां दुधाचें. मांस न खाणारे पुष्कळ आहेत. दूध सोडणारा मात्र आपल्याला वेडा वाटतो. दुधांत कोणता जीव गेला, असें विचारतात. ह्याचें उत्तर शहरापेक्षां खेड्यांतल्या वाचकांना जास्त ठाऊक आहे. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाहीं, आणि जितक्या वेतांत पारडी होते जवळ जवळ तितक्याच वेतांत टोणगा होतो. पूर्वीं गाईचा खोंड मोठा होऊन औताला जाई. आतां नांगराला ट्रॅक्टर आला. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड नाहीं, ऊन सोसत नाहीं, तो औताला चालत नाहीं. महाराष्ट्रांत गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानें बंदी आली, २०१५ सालीं बैल व वळू ह्यांनाहि ती लागू झाली, म्हणून बाजारांतहि त्याला गिऱ्हाईक राहिलें नाहीं. म्हैस त्या बंदीच्या बाहेर आहे, पण टोणग्याला दूध पाजून वाढविण्यास कोणाला परवडतें? गोठ्याच्या कोपऱ्यांत बांधलेलें, आईच्या दुधावरून ओढून काढलेलें, चार दिवसांत डोळे पांढरे करणारें तें पोर कोणीं पाहिलें नाहीं? माझ्या चुलत्याच्या गोठ्यांत मीं पाहिलें आहे, आणि दुधाचा चहा पिऊनच शाळेला गेलों आहें. तेव्हां व्हीगन मनुष्य जें म्हणतो तें खोटें नाहीं.

परंतु तेवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. ज्या विधवेच्या दारांत एकच म्हैस आहे, जिला दर दहा दिवसांनीं डेअरीचे पैसे मिळतात आणि त्यांतून मुलाची फी जाते, तिला दूध हें पाप आहे असें सांगण्यास मी धजणार नाहीं. लंडनच्या माणसाला एका दुकानांत दहा प्रकारचीं पेयें मिळतात. तिच्या गांवच्या दुकानांत गोडेतेल आणि काड्याच्या पेट्या मिळतात. स्वतः गांधीजींनीं गाईम्हशीच्या दुधाचें व्रत घेतलें होतें. १९१८ सालच्या मोठ्या दुखण्यानंतर ते शेळीचें दूध घेऊं लागले, आणि व्रताचें अक्षर राहिलें पण आत्मा गेला अशी खंत त्यांनीं लपविली नाहीं. एवढ्या निग्रही माणसाला जें जड गेलें तें चौदा वर्षांच्या मुलावर लादूं नये.

शरीराचाहि हिशेब आहे. बाजरी, हुलगा, मटकी, हरभरा, शेंगदाणे, तीळ, कारळें, पालेभाजी हीं आपल्या घरांत असतां पोषणाला मांसावांचून अडत नाहीं. पण बी-बारा नांवाचें एक जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. दूधसुद्धां सोडणाऱ्यानें तें डॉक्टरला विचारून गोळीनें घ्यावें, नाहींतर रक्त व मज्जातंतू बिघडतात. आपल्या देशांत १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ बायकांना रक्तक्षय असल्याचें २०१९ ते २१ च्या पाहणींत आढळलें. अशा घरांत बाईच्या वाट्याचें अंडें काढून घेणारी दया मला समजत नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें शाळेच्या पोषण आहारांत आठवड्याला एक अंडें, आणि न खाणाऱ्याला केळें, असें ठरविलें. कांहीं लोकांनीं आक्षेप घेतला, आणि २०२५ च्या आरंभीं त्यासाठीं पैसा देणें सरकारनें थांबविलें. केळें ठेवलेलेंच होतें. मग दुसऱ्याच्या पोराच्या ताटांतल्या अंड्यानें कोणाचें काय बिघडत होतें, हें मला अजून उमगलें नाहीं. स्वतःचें ताट आवरणें आणि दुसऱ्याचें ताट ओढणें ह्या एक गोष्टी नव्हेत.

इतका विचार झाल्यावर मीं त्या मुलाला बोलाविलें. महात्मा फुले मंडईजवळ एका टपरीवर आम्ही उभे राहिलों. मीं चहा घेतला, त्यानें बिनदुधाचा, लिंबू पिळलेला. वडिलांनीं तुझ्याविषयीं काय विचारलें तें मीं सरळ सांगितलें. तो बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, बाबा अर्धे बरोबर आहेत.” पहिल्या वर्षीं खोली पाहतांना मालकानें विचारलें, आणि तो बोलून गेला कीं, आमच्या घरांत कोणी खात नाहीं. खोली मिळाली. सहा महिन्यांनीं आई भेटावयास आली, पिशवींत त्याच्या आवडीची सुकटीची चटणी घेऊन. मालकाच्या नाकाला वास जाऊं नये म्हणून त्यानें ती डबी रस्त्याच्या कडेच्या कचऱ्यांत टाकली आणि आईला सांगितलें, खाऊन टाकली. ती खोली त्यानें पुढच्या महिन्यांत सोडली.

“आणि दुसरें अर्धें?” मीं विचारलें.

दुसरें अर्धें ह्याच्या पूर्वींचें निघालें. तो सहावींत असतां घरच्या म्हशीला टोणगा झाला. त्याला दूध पुरेना. ह्यानें भाताची पेज बाटलींत घालून अकरा दिवस पाजली. बाराव्या दिवशीं तें गेलें. त्या दिवशीं आई गोठ्यांत बसून रडली आणि संध्याकाळीं उठून तिनें धार काढली, कारण डेअरीची गाडी थांबत नाहीं. पुण्यांत कोणा मित्रानें त्याला एक चित्रपट्टी दाखविली, त्यांत परदेशांतला गोठा होता. त्याला दिसला तो स्वतःच्या घरचा. तेव्हां त्यानें दूध सोडलें. मीं म्हटलें, अरे, हें तूं आईला कां सांगितलें नाहींस? तिला तुझा इंग्रजी शब्द कळला नाहीं, पण तो टोणगा कळला असता. तो म्हणाला, “तिला वाटेल मी तिला दोष देतों.” मीं म्हटलें, आतांहि तिला तेंच वाटतें आहे, शिवाय कारण न कळतां.

लाज आणि दया एकाच पोराच्या मनांत शेजारीं शेजारीं राहत होतीं, आणि कोणती कोणाच्या नांवानें बोलते हें त्यालाच पुरतें ठाऊक नव्हतें. त्याला मीं दोन गोष्टी सुचविल्या. टोणग्याची आणि सुकटीच्या डबीची अशा दोन्ही हकीकती घरीं सांगाव्या, एक सांगून दुसरी झांकूं नये. आणि पुन्हां खोली घेतांना मालकास अगोदर सांगावें कीं, मी खात नाहीं, पण माझे आईबाप खातात आणि ते येथें येऊन जेवतील. दुसरी गोष्ट त्यानें मी सांगण्यापूर्वींच केली होती. त्यामुळें दोन खोल्या हातच्या गेल्या, असें तो हंसून म्हणाला.

नाताळानंतर वडिलांचें पत्र आलें, इंग्रजींत लिहिण्याचा यत्न करून मध्येंच मराठीवर उतरलेलें. मुलगा चार दिवस राहून गेला. डबीची गोष्ट ऐकून आई एक दिवस बोलली नाहीं, आणि टोणग्याची ऐकून त्याच्याजवळ येऊन बसली. केक अंड्यांवांचून केला, तो फुगला नाहीं, मंडळींतल्या मुलांनीं तरी संपविला. कोंबडा बाकीच्यांसाठीं झाला, आणि मुलानें भाकरी तोच रस्सा सोडून हुलग्याच्या माडग्याशीं खाल्ली, एकाच पंक्तीला. आतां आईची एक शंका राहिली आहे, ती मास्तरांना विचारून कळवावी: मळ्याच्या बांधावरच्या लिंबाला मोहोळ बसलें आहे, मध चालतो काय? मीं उलट टपालीं लिहिलें कीं, सरकारच्या हिरव्या ठिपक्याला मध चालतो, वॉटसनच्या शब्दाला चालत नाहीं, तुमच्या मुलाला चालतो कीं नाहीं तें त्यालाच विचारा. आणि पोळें काढणार असाल तर एक बाटली मला पाठवा.